पुळणीवरची पावलं

बुरोंडीला आमचं घर पुळणीला लागून होतं. पुळण म्हणजे समुद्रकाठची ओली, दाबून बसलेली वाळू. होडी किनाऱ्याला लागली की बाबा गुडघाभर पाण्यात उतरायचे आणि पुळणीवरून घराकडे चालत यायचे. त्यांच्या मागे आम्ही पोरं. बाबांच्या पावलांच्या ठशांत आपलं पाऊल टाकत घरापर्यंत जायचं आणि ठसा चुकला तो बाद, असा आमचा खेळ होता. दुसऱ्या कुणाच्या बापामागे तो खेळण्यात मजा नव्हती, कारण दुसऱ्यांचे बाप सरळ चालायचे. आमच्या बाबांचं एक पाऊल इकडे तर दुसरं भलतीकडे. मधेच दोन ठसे अगदी जवळ, मग एकदम लांब फाकलेले. उड्या मारता मारता आम्ही आपटायचो आणि पोट धरधरून हसायचो. बाबा वळून बघायचे आणि तेही हसायचे. भरती आली की ठसे पुसले जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत खेळ नवा.

बाबा तांडेल होते, म्हणजे होडीचे प्रमुख. जन्म दर्यावर गेलेला माणूस जमिनीवर जरा डोलतोच, असं आमच्या वाडीत सगळे धरून चालतात. त्यात ते थोडी घ्यायचे. थोडी म्हणजे वाडीतले बाकीचे घ्यायचे तेवढीच. त्यामुळे त्यांच्या डोलण्याला दोन कारणं आयती तयार होती. तिसरं शोधायची कुणाला गरजच वाटली नाही.

पुढे त्यांचा तोल फारच जायला लागला आणि जीभही जड झाली, तेव्हा आईनं त्यांना ग्रामदेवीसमोर उभं केलं. वाडीतल्या म्हाताऱ्या मानकऱ्यानं गाऱ्हाणं घातलं, की हा तुझा लेक आजपासून दारूला शिवणार नाही, त्याला सांभाळून घे. जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. बाबा हातात नारळ धरून पाय फाकवून उभे होते. नारळ थरथरत होता. पिणाऱ्याचे हात असेच थरथरतात, असं मागे कुणीतरी पुटपुटलेलं मी ऐकलं.

बाबांनी खरंच सोडली. शिमग्याला नाही, नारळी पौर्णिमेला नाही, कधीच घेतली नाही. आणि डोलणं मात्र वाढत गेलं. आता याचा अर्थ वाडीनं काय लावावा? देवीसमोर शपथ घेऊनही हा चोरून पितो, असा. पिणारा तांडेल आमच्याकडे चालतो, त्यात नवल नाही. देवीची शपथ मोडणारा मात्र चालत नाही. त्याच्या होडीवर पाय ठेवला तर आपणही बुडू, ही भीती. एकेक करत खलाशी दुसऱ्या होड्यांवर गेले. बाबा ओसरीवर बसून जाळी विणायला लागले. मग सुई धरवेना, तेव्हा नुसतेच बसून राहिले. शेवटी शेवटी गिळताना ठसका लागायचा. ते गेले तेव्हा अंत्ययात्रेतसुद्धा लोक हळू आवाजात दारूबद्दलच बोलत होते. बारा गावचे शहाणे एका ओसरीवर गोळा झाले होते, दुसरं काय!

तोवर माझं लग्न होऊन मी पोफळीला गेले होते. नवरा तिथल्या वीजकेंद्रात. कॉलनीत डोंगर, पाऊस आणि साहेबांच्या बायकांच्या भिश्या. मी जवळच्या शाळेत शिकवायचे. आमची एकुलती एक मुलगी तिथेच वाढली, त्यामुळे समुद्र तिच्यासाठी मे महिन्याच्या सुट्टीपुरताच. आजोबा तिनं पाहिलेच नाहीत. पुळणीवरच्या त्या खेळाबद्दल तिला कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. हे निवृत्त झाल्यावर आम्ही रत्नागिरीत, शहरात, राहायला आलो.

बाबांनंतर होडी माझ्या धाकट्या भावानं घेतली. बापाचे हाल बघितल्यामुळे त्यानं दारूचा थेंबही कधी तोंडाला लावला नाही. लग्नाच्या पार्टीतही हा सरबत पिणारा, त्यावरून चेष्टा व्हायची. त्याला मूलबाळ नाही. काही वर्षांपूर्वी फोनवर त्याचे शब्द एकमेकांत अडकल्यासारखे यायला लागले. एकदा मी न राहवून विचारलं, "घेतलीस का रे काही?"  तो म्हणाला, "ताय, तू पन?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत बर्फाची पेटी घेऊन धक्क्यावरून होडीत उतरताना तो धक्का आणि होडी यांच्या मधल्या पाण्यात पडला. खलाशांनी वर काढला म्हणून वाचला. मी त्याला दापोलीच्या एसटीत बसायला लावलं आणि रत्नागिरीला माझ्याकडे आणलं. मुंबईहून महिन्यातून एकदा मेंदूचे डॉक्टर येतात, त्यांच्याकडे आम्ही दोघं गेलो.

डॉक्टर तरुण होते, शांत होते. आधी मशीन नाही, फोटो नाही. माझ्या बोटाला बोट लावा, मग स्वतःच्या नाकाला, असं म्हणाले. भावाचं बोट नाकाजवळ येता येता थरथरलं आणि गालावर गेलं. मग झोपवून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून सरळ खाली आणायला सांगितली, ती घसरून घसरून बाहेर जायला लागली. मग म्हणाले, आता या दोन फरश्यांच्या सांध्यावरून चाला, टाचेला अंगठा चिकटवत. भावानं दुसऱ्याच पावलाला भिंत धरली.

"डाक्टर, तुमची ही फरशी हालत नाय, तीच गोची हाय," तो म्हणाला. "होडीवर चला, मग दाखवतो."

डॉक्टर हसले. मीही हसले. हसता हसताच त्यांनी विचारलं, "वडिलांची चाल कशी होती?"

"बापूस पिऊन आसायचा."

"कधी सोडली नाही का?"

"सोडली ना. देवीसमोर सोडली."

"सोडल्यावर चाल सुधारली?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मला पुळण दिसली. ते एकमेकांपासून लांब पडलेले ठसे, त्यांत उड्या मारणारी आम्ही पोरं, वळून हसणारे बाबा. इतक्या वर्षांत इतका साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "नाही. उलट बिघडत गेली."

डॉक्टरांनी कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तो काळा. बाबांचा चौकोन काढून पेनानं काळा केला. बाबांच्या भावंडांचं विचारलं. मला आत्या आठवली. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन, दोन्ही हात मोकळे सोडून ती दाभोळपर्यंत चालायची. मग एका वर्षी तिचा हात पाटीला लागायला लागला. पुढच्या वर्षी दोन्ही हात. मग पाटी पडली आणि तिच्यावर कुणी करणी केली याचीच चर्चा सुरू झाली. आत्याचा गोल काळा झाला. भावाचा चौकोन काळा झाला. मग त्यांनी माझा गोल काढला आणि पेन तिथं जरा थांबलं.

"मला काही होत नाही," मी कुणी न विचारताच म्हटलं.

"चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या कोऱ्या गोलाखाली त्यांनी माझ्या मुलीचा गोल काढला.

रक्ताचा रिपोर्ट मुंबईहून यायला वेळ लागला. लहान मेंदूचा, वंशातून उतरणारा आजार. तोल जातो, बोलणं अडखळतं, पुढे गिळणं अवघड होतं. औषध नाही. व्यायाम करा, काठी घ्या, होडीवर जाऊ नका. आई किंवा बाप यांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी, दर वेळी नव्यानं नाणेफेक. ज्याच्यात उतरला नाही तो पुढे देत नाही, त्याच्यापुरता वंश स्वच्छ. माझं वय बघता लक्षणं दिसायला हवी होती का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, काहींना फार उशिरा दिसतात, आणि पुढच्या पिढीत कधी कधी लवकर. किती लवकर, हे मी विचारलं नाही.

भावाला घरी पोचवायला मी बुरोंडीला गेले, ते आईला सगळं सांगायचं ठरवूनच. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. निदान नवऱ्याचं नाव तरी मोकळं झालं. ती ऐंशी उलटलेली, पण कान शाबूत. मी सगळं नीट, वर्गात सांगावं तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजे तो पीत नव्हता?"

"सोडल्यावर कधीच नाही. तो आजार होता गं."

तिनं हातातल्या तांदळाच्या सुपातला एक खडा काढून टाकला. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "नाय. तो पीतच व्हता."

"आई, डॉक्टर—"

"डाक्टर काय तवा व्हता? दारू व्हती म्हनून मी भांडत तरी व्हते गो बाय. आज ना उद्या सुटंल म्हनून दिस काढले. ह्याला काय सोड म्हनू? माज्या पोराला आता काय सोड म्हनू?"

 भाऊ ओसरीवर बसला होता, बाबा बसायचे त्याच खांबाला टेकून. आई उठली आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला गेली. मी सूप घेऊन तांदूळ निवडत बसले.

मुलीपासून मी काही लपवलं नाही. लपवून राहतं थोडंच? तिनं मोबाईलवर माझ्याआधी सगळं वाचून काढलं. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली, चिपळूणला असते, जावई चांगला आहे. त्यांना आता मूल हवं होतं. ती एका रविवारी आली, माझ्या शेजारी बसून भेंडी चिरता चिरता म्हणाली, "आई, तू तपासणी करून घेतेस? तुझ्यात नसलं तर माझा प्रश्नच मिटला."

"आणि असलं तर?"

"तर मग माझं बघू."

हे तिनं इतक्या सहज म्हटलं की मला तिचा राग आला. राग कशाचा, ते सांगता येत नाही. भेंडी मात्र मी तिच्या हातून काढून घेतली.

त्या तपासणीआधी समुपदेशन करणाऱ्या एका बाईंशी फोनवर बोलावं लागतं. फार गोड बोलायच्या. म्हणाल्या, "यात कुणी कुणावर दबाव आणायचा नसतो. जाणून घ्यायचं की नाही, ही निवड पूर्णपणे तुमची आहे." निवड! जणू काही माझ्यासमोर साड्यांचा ढीग पडलाय आणि मी काठ बघतेय. मी म्हटलं, मुलगी स्वतःच करून घेईल ना तपासणी, मला कशाला मधे ओढता? त्या म्हणाल्या, करू शकते, पण तिच्यात निघालं तर तुमच्यात आहे हेही तेव्हाच कळेल. म्हणजे कुठूनही शिरलं तरी वाट माझ्याच दारातून जात होती. मी त्यांना विचार करून सांगते म्हटलं.

आणि विचार करायचं सोडून मी स्वतःला तपासायला लागले. काठोकाठ भरलेला चहाचा कप स्वयंपाकघरातून बाहेर न्यायचा. सुईत दोरा ओवायचा, तोही डाव्या हातानं. आरशासमोर बोट नाकाला लावायचं. मारुती मंदिराकडे भाजीला जाताना रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालायचं. एके दिवशी कप सांडला, तर दुपारभर मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सांडला नाही, तर इतका आनंद झाला की शेजारणीला बोलावून भजी खाऊ घातली. कप हाच माझा डॉक्टर झाला होता, आणि तोही लहरी.

ह्यांना विचारलं, "माझी चाल बदललीय का हो?"

"तुझी चाल? नेहमीसारखीच तर आहे."

"नेहमी कशी आहे?"

हे गडबडले. इतक्या वर्षांच्या संसारात बायको चालते कशी हे बघायला ह्यांना वेळच मिळाला नव्हता. आणि मलाच तरी बाबांच्या आजारपणाआधीची चाल कुठं आठवत होती? माणसं घरातल्या घरात इतकी सवयीची होतात की ती कशी चालतात हे दिसेनासं होतं.

मुलीनं पुन्हा विषय काढला नाही. तेच मला जास्त लागायचं. फोन करायची, आमटी कशी केली ते विचारायची, मी मग तेच तेच सांगत राहायचे. आमच्या बिल्डिंगमधे एका घरी बारसं होतं, त्या दिवशी ती आलेली होती. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मी या बाजूला होते, माझी मुलगी समोर. बाळ माझ्या हातात आलं. आता पाळण्याखालून ते तिच्याकडे द्यायचं. तिनं हात पुढे केले आणि मागे घेतले. "माझे हात ओले आहेत, काकू, तुम्ही घ्या," असं शेजारणीला म्हणून ती बाजूला झाली. हात कोरडे होते. मी बाळ शेजारणीच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गोड बोलणाऱ्या बाईंना फोन लावला.

रक्त दिलं तेव्हा काही विशेष वाटलं नाही. एवढीशी नळी भरली आणि सिस्टरनं कापूस दाबून धरायला सांगितलं. रिपोर्ट आला की डॉक्टर समोरासमोर बसवूनच सांगणार होते, फोनवर नाही. तोवर घरात बसून कप वाहण्यापेक्षा बुरोंडीला भावाला भेटून येऊ, असं मीच म्हटलं. मुलगी सुट्टी काढून बरोबर आली.

भाऊ आता काठी घेऊन चालतो. होडी त्यानं भाड्यानं दिली आहे. आम्हाला बघून उठायला गेला, तर मुलीनं धावत जाऊन त्याला बसवलं. "मामा, बस रे." तो हसून म्हणाला, "वाडीत आता मना कोन कायपन बोलत नाय. रिपोट दाखवला सगल्यास्नी." मग काठी मांडीवर आडवी घेत, "बापसाचा पन दाखवाया हवा व्हता." आईनं सुरमई तळली होती. जेवताना भावाला ठसका लागला आणि आम्ही सगळ्यांनी एकदम ताटात खाली बघितलं.

जेवणं झाल्यावर मुलगी म्हणाली, "आई, जरा पुळणीवर जाऊन येऊ." ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, वाळू ओली आणि घट्ट. कोरडी वाळू ओलांडून आम्ही पाण्याच्या कडेकडेनं चालायला लागलो. वारा बरा होता. ती मला तिच्या ऑफिसातल्या कुणाची तरी नक्कल करून दाखवत होती आणि मी हसत होते. कितीतरी दिवसांनी मी चालताना पायांकडे बघत नव्हते. मी जरा पुढे झाले. मागून तिच्या पायांचा चपचप आवाज येत होता, एका लयीत नाही, थांबत, मग उडी मारल्यासारखा. ती बोलायची थांबली होती. मग तो आवाजही थांबला.

मी मागे वळून बघितलं. लहानपणी आम्ही करायचो, तेच ती करत होती. कुणी न शिकवता. माझ्या ठशांत पाऊल टाकत आली होती. आता ती माझ्या दोन ठशांत दोन पाय ठेवून उभी होती, डोलत्या होडीत तोल सांभाळताना माणूस उभा राहतो तसे पाय फाकवून, आणि खाली बघत होती.

मी वळलेली तिला दिसले. ती घाईघाईनं हसली आणि पायानं वाळू सारखी करायला लागली, आधी एक ठसा, मग त्याच्या मागचा.

"राहू दे गं," मी म्हटलं.

ती ऐकेना. मागे मागे जात पुसत राहिली. माझी पावलं पार आमच्या घराखालपर्यंत गेली होती. भरतीला अजून बराच अवकाश होता.